मानसोल्लासांतील सोर मासा आणि मत्स्यकुलांचा निश्चय

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या ग्रंथाचें नांव मराठी अभ्यासकांस नवें नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करितांना ओवी गातात, हा जो उल्लेख ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून वारंवार पुढें केला जातो, तो याच ग्रंथांतला. ग्रंथांत शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हें वर्ष आलेलें असल्यानें त्याच्या काळाविषयींही वाद नाहीं. पांच विंशतींत मिळून शंभर विषय सांगणाऱ्या या ग्रंथाच्या चवथ्या विंशतींत मत्स्यविनोद नांवाचें एक प्रकरण आहे. राजानें गळ टाकून मासे धरण्याची करमणूक कशी करावी, हा त्याचा विषय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले ग्रंथाचे पहिले दोन खंड १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध झाले, म्हणजे मूळ पाठ हाताशीं नाहीं अशी सबबही उरली नाहीं. तरी ओवीच्या एका उल्लेखावर पानेंच्या पानें लिहिणाऱ्या आम्हां मराठी लोकांचें लक्ष या प्रकरणाकडे क्वचितच गेलें आहे.

या प्रकरणांत सुमारें पस्तीस मत्स्यांचीं नांवें येतात व त्यांतील कांहीं समुद्रांतील आहेत. येथेंच विचारास जागा आहे. कल्याणी म्हणजे आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. तेथून पूर्वसमुद्र काय किंवा पश्चिमसमुद्र काय, दोन्ही शेंकडों मैल दूर. अशा ठिकाणीं बसून लिहिणाऱ्या राजास समुद्राचे मासे कोठून कळले, आणि त्यानें दिलेल्या नांवांवरून आज आपण कोणता मासा समजावा, हे दोन प्रश्न आम्ही या लेखांत घेतले आहेत. पहिला प्रश्न इतिहासाचा व दुसरा प्राणिशास्त्राचा असें वरवर दिसेल. परंतु दुसऱ्याचें उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्यास हात घालतां येत नाहीं.

प्रश्नाचें स्वरूप नीट ध्यानांत येण्यासाठीं एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. नरसी नामदेव हें हिंगोली जिल्ह्यांतील (१९९९ पूर्वीं परभणी जिल्ह्यांतील) गांव कयाधू नदीच्या परिसरांत आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. नामदेवांचा परंपरागत जन्मशक ११९२, म्हणजे इ. स. १२७०, त्याच्या सुमारें एकशें चाळीस वर्षें आधीं, सोमेश्वराच्या काळीं, हा मुलूख कल्याणीच्या राज्यांत मोडत होता. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील होट्टल येथील देवालयें व शिलालेख या सत्तेची साक्ष देतात. या बाजूच्या माणसास मासा ठाऊक तो नदीचा. मरळ, वांब, शिंगाळा हे त्याच्या ओळखीचे. समुद्राचा मासा या मुलखांत येई तो वाळून, म्हणजे सुका बोंबील किंवा सुकट होऊन. आणि वाळलेल्या माशाचा रंग गेलेला, आकार आक्रसलेला, चालचलणूक तर पाहण्याचा प्रश्नच नाहीं. अशा माणसानें मानसोल्लासांतील सोर हें नांव वाचलें तर त्यानें काय समजावें? कल्याणीच्या राजवाड्यांतील वाचकाची स्थिति याहून फारशी निराळी नसावी.

सोमेश्वर जीं लक्षणें देतो तीं थोडीं आहेत, पण नेमकीं आहेत. मासा समुद्राचा कीं नदीचा, खवल्यांचा कीं नुसत्या कातडीचा, आणि मोठा, मध्यम कीं लहान, या तीन गोष्टी तो प्रथम पाहतो. पुढें कोणत्या माशास कोणतें अन्न घालून एका जागीं जमवावें, याचें विवेचन येतें. यांतील खवले व आकार हीं अंगाचीं लक्षणें, वसतिस्थान हें राहणीचें, आणि आमिषाची आवड हें स्वभावाचें लक्षण. आजच्या शास्त्रास लागणारी परांच्या काट्यांची मोजदाद त्यांत अर्थातच नाहीं. तरी केवळ नांवांची यादी न देतां माशांचे गट पाडण्याकडे त्याचा कल आहे हें उघड दिसतें. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला व नांवांबरोबर लक्षणें ताडून पाहण्याचा मार्ग घालून दिला. आम्ही त्याच मार्गानें जाणार आहों. फक्त किनाऱ्यावरील मराठी नांवांची साक्ष त्यास जोडणार आहों.

खवल्यांची कसोटी सोमेश्वराची स्वतःची नव्हे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्य मासे सांगतांना पाठीन, रोहित, राजीव व सिंहतुंड यांच्या जोडीस सर्व सशल्क मासे घेतले आहेत. म्हणजे खवला आहे कीं नाहीं हें पाहण्याची संवय या देशांत प्रथम लागली ती भक्ष्याभक्ष्यविचारानें. वैद्यांची दृष्टि निराळी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत नदीचे व समुद्राचे असे माशांचे दोन वर्ग केले असून समुद्राच्या वर्गांत तिमि, तिमिंगिल, कुलिश, मकर, चंद्रक इत्यादि नांवें आहेत. त्याच ठिकाणीं एक फार मार्मिक निरीक्षण आहे. नदीचा मासा तोंड व शेंपूट यांच्या जोरावर हिंडतो म्हणून त्याचा मधला भाग जड. सरोवराचा मासा छातीच्या बळानें चालतो म्हणून त्याचें पुढचें अंग हलकें व खालचें जड. झऱ्याविहिरींतला मासा फार दूर जात नाहीं म्हणून डोकें सोडून बाकीचें अंग जड. वैद्यास येथें पचनाच्या जडहलकेपणाचीच चिंता आहे, हें खरें. तरी अंगाची घडण आणि पोहण्याची रीत यांचा परस्परसंबंध त्यानें जोडला, व होरा यांनीं १९३५ सालीं त्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. धर्मशास्त्र, वैद्यक आणि राजाचा गळ या तीन निरनिराळ्या गरजांतून माशांकडे पाहण्याच्या तीन रीती निघाल्या. मात्र माशाच्या नांवावर विसंबून त्यांतील एकीचेंही भागलें नाहीं.

नांवावर विसंबणें किती धोक्याचें आहे, हें शिंगाळ्यावरून कळतें. मुंबई सरकारच्या सेवेंत दक्षिणेंतील मुलखाची माहिती गोळा करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन प्रसिद्ध करितांना एक चांगली गोष्ट केली. मराठी लोकांच्या तोंडचीं नांवें त्यानें तशींच शास्त्रीय नांवांत घातलीं. नुक्ता, कोळस यांच्याबरोबर १८३९ सालीं शिंगाळाही असाच शास्त्रांत गेला. हा नदीचा मोठा मिशाळ मासा. आतां कोंकणच्या किनाऱ्यावर जावें तर तेथेंही कोळी एका माशास शिंगाळाच म्हणतात. त्यासही खवले नाहींत, त्यासही मिशा आहेत, पाठीवरच्या व छातीच्या परांत त्याच्याही तीक्ष्ण कांटे आहेत. देशावरील माणूस दोघांस एकच समजेल, आणि आपल्या परीनें तो फारसा चुकला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हीं दोन वेगळीं कुलें आहेत. नदीच्या शिंगाळ्यास मिशांच्या चार जोड्या असतात व त्यांपैकीं एक नाकपुडीपाशीं असते. समुद्राच्या शिंगाळ्यास सामान्यतः तीनच जोड्या असून नाकपुडीची जोडी त्यास नसते. त्याच्या डोक्यावर हाडाची कठीण ढाल असते, ती बोटांस सहज लागते. याहून मोठा भेद वर्तनाचा आहे. समुद्राच्या शिंगाळ्याची मादी गोटीएवढीं मोठीं अंडीं थोडींच घालते व नर तीं तोंडांत घेऊन, पिलें बाहेर पडेपर्यंत उपाशीं राहून, संभाळतो. जाळ्यांतून काढलेल्या नराच्या तोंडांतून अंडीं घरंगळून पडतात. नदीच्या शिंगाळ्यांत ही रीत नाहीं. तेव्हां जुन्या कागदांत शिंगाळा हा शब्द आला कीं कागद घाटावरचा आहे कीं घाटाखालचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आतां सोर. मानसोल्लासांत सोर व शृंगसोर हीं दोन नांवें जवळजवळ येतात. तमिळ भाषेंत सुरा व तेलुगू भाषेंत सोर्र हे शब्द आजही मुशीच्या जातीस लावतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे अर्थाविषयीं फारसा संशय उरत नाहीं. तेलुगू शब्दाचा एक जुना छापील पुरावाही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल यानें विशाखापट्टण येथें जमविलेल्या दोनशें माशांचीं चित्रें व वर्णनें १८०३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं व प्रत्येकाखालीं तेथील लोकांनीं सांगितलेलें नांव नोंदलें. त्यांत पाल सोर्र हें एक आहे. तेलुगूंत पालु म्हणजे दूध. तेव्हां हा दुधाचा सोर झाला. या नांवाचें कारण कोंकणांतल्या कोणत्याही आजीबाईस विचारावें. बाळंतिणीस दूध यावें म्हणून मोरीचें कालवण देण्याची चाल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र आहे. मोरी, मुशी व पाल सोर्र हीं एकाच कुळींचीं माणसें; किनारे दोन, भाषा दोन, समजूत मात्र एकच. पुढें जर्मन शास्त्रज्ञ म्युलर व हेन्ले यांच्या १८३९ च्या ग्रंथांत एका मुशीस सोर्रा हेंच विशेषनाम मिळालें, व तें आजही चालतें. सोमेश्वराच्या यादींतील शब्दाचा भाऊबंद असा लॅटिन पोषाखांत शास्त्राच्या दरबारीं बसला आहे.

शृंगसोर या नांवांत शृंग शब्द पाहून तो शिंगाळ्याशीं जोडण्याचा मोह होण्यासारखा आहे. परंतु समासांत मुख्य पद सोर हें आहे, शृंग हें त्याचें विशेषण. शिंगें असलेला सोर कोणता? मुशींच्या एका कुलांत डोक्याच्या दोन्ही बाजूंस आडवे फांटे फुटलेले असतात व त्यांच्या टोकांवर डोळे असतात. समोरून पाहतां हे फांटे शिंगांसारखे दिसतात. आमच्या कोळ्यांना ते कानांसारखे दिसले, म्हणून त्यांनीं या माशास कानमुशी म्हटलें. युरोपीयांना त्यांत हातोडा दिसला. शृंगसोर म्हणजे कानमुशी, हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. उपमान बदलत गेलें, पण ज्या अवयवावर तिन्ही ठिकाणीं नजर ठरली तो अवयव एकच आहे, आणि कुलनिश्चयास तेवढा पुरेसा आहे.

मुशी, कानमुशी व पाखट यांच्या सर्व कुलांस एकत्र बांधणारें लक्षण अंगाच्या आंत आहे. यांच्या सांगाड्यांत खरें हाड नसून सर्व कूर्चा असते. बाहेरून पाहावें तर कल्ल्यांवर झांकण नसतें, पांच चिरा उघड्या दिसतात. मुशीचें अंग शेंपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर कानशीसारखें खरखरीत लागतें. खवले मात्र डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणूनच खवल्यांच्या कसोटीनें मुशी कातडीच्या माशांत पडते. वर्तनाचें लक्षण असें कीं यांच्यांतील पुष्कळ जाती अंडीं न घालतां जिवंत पिलें प्रसवतात. मुंबईच्या बाजारांत जी लहान मुशी नेहमीं येते, तिच्या पोटांत पिलू वारेनें आईस जोडलेलें असतें. भूमध्य समुद्रांतील एका मुशीविषयीं हीच गोष्ट ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविली होती, ती पुढें दोन हजार वर्षें कोणास फारशी खरी वाटली नाहीं. सोर्रा या नांवाशीं ज्याचा संबंध आला त्याच म्युलरनें १८४२ सालीं तिचा पडताळा घेतला. मुशी कापणाऱ्या कोळिणीस हा पडताळा रोजच मिळत होता.

अस्थिहीनत्वाचें लक्षण आपल्या देशांत किती जुनें, याचा एक पुरावा येथें नमूद करण्यासारखा आहे. अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी आहे. तींत अनठिकमछ असा शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ हाडें नसलेला मासा. हा कोणता प्राणी, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी यावरून झिंग्यांकडेही जातात. आमच्या मतें मासा असें म्हणून पुन्हां अस्थि नाहींत असें ज्याविषयीं सांगावें लागतें, तो अंगानें माशासारखाच दिसणारा असला पाहिजे. तसा तो मुशीपाखटांच्या वर्गांतच सांपडतो.

कोणी म्हणेल कीं सामान्य लोकांचीं नांवें सैल असतात व शास्त्रज्ञांचीं तेवढीं पक्कीं. वस्तुस्थिति इतकी सोपी नाहीं. बोंबलाचें उदाहरण घ्या. फ्रान्सिस हॅमिल्टन (पूर्वीचा बुकानन) यानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत बोंबलाचें वर्णन केलें तेव्हां त्यास युरोपांतील सामनाच्या नात्यांतील एका माशाच्या गणांत घातलें. कारण काय, तर पाठीच्या मागल्या भागीं, शेंपटीजवळ, कांटे नसलेला एक लहानसा मांसल पर असतो, तो दोहोंतही आहे. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यानें १७९५ सालीं दुसऱ्या एका माशास याच कारणानें थेट सामनच्या गणांतच बसविलें होतें. हा दुसरा मासा म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील चोर बोंबील. दोघेही शास्त्रज्ञ एका लक्षणावर विसंबले. कोळ्यांनीं या दोन माशांकडे पाहून काय केलें? एकास बोंबील व दुसऱ्यास चोर बोंबील म्हटलें, म्हणजे हा बोंबील नव्हे पण त्याच्यासारखा आहे, असें नांवांतच सांगितलें. आज प्राणिशास्त्र या दोघांस एकाच कुलांत ठेवतें. दोघांचें तोंड डोळ्यांच्या फार मागेंपर्यंत फाटलेलें, जबडे बारीक टोंकदार दांतांनीं भरलेले, पाठीवर तोच मांसल पर. अंगानें मात्र एक लिबलिबीत, दुसरा घट्ट व खवल्यांचा. एक चिखलट पाण्यांत भरतीओहोटीबरोबर डोलींत सांपडणारा, दुसरा तळाशीं दबा धरून बसणारा. इतका भेद असतां नातें ओळखलें, यांत कोळ्यांची नजर दिसते. सुका बोंबील हातीं घेऊन त्याचा जबडा उघडून पाहिला तर हिंगोलीच्या बाजारांतही हें दांतांचें लक्षण पाहतां येईल, कारण वाळल्यानें दांत नाहींसे होत नाहींत.

हलव्याची कथा याच्या उलट आहे. ब्लॉखनें याच सुमारास हलव्यास पापलेटाच्या गणांत घातलें व त्याच्या काळसर रंगावरून काळा असें विशेषण दिलें. इंग्रजी व्यापारांत तो काळा पापलेट म्हणूनच ओळखला जातो. आकार सारखा, पोटाखालचे पर दोघांसही नाहींत, तेव्हां ब्लॉखला दोष द्यावासा वाटत नाहीं. पण हलव्याच्या शेंपटीच्या बुंध्यापाशीं बाजूच्या रेषेवर कठीण खवल्यांची उंचवट्यासारखी ओळ असते. बोट फिरवितांच ती लागते. पापलेटास ती नाहीं. शिवाय हलव्याच्या लहान पिलांस पोटाखालचे पर असतात व वाढीबरोबर ते नाहींसे होतात, म्हणजे त्याचें परहीनत्व मूळचें नव्हे. हलवा कित्येकदां पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कुशीवर होऊन पोहतो, हेंही त्याचें वर्तन नोंदलेलें आहे. या सर्वांवरून त्याचें कुल पापलेटाचें नसून बांगडेवजा दिसणाऱ्या, शेंपटीपाशीं कंगोरा असलेल्या माशांचें ठरलें आहे. मराठी किनाऱ्यानें मात्र पापलेट अथवा सरंगा हें नांव हलव्यास कधीं दिलें नाहीं. त्यास स्वतंत्र नांव दिलें. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं रुपेरी पापलेट हा राज्यमासा ठरविला, तेव्हां त्या मानांत हलव्याचा वाटा नाहीं, हें मराठी माणसास समजावून सांगावें लागलें नाहीं. नांवांनींच तें काम आधीं केलेलें होतें.

घोळ, कोथ व ढोमा यांच्या कुलाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण यांत कानाचीही साक्ष आहे. यांच्या डोक्यांत कानाच्या जागीं मोठे पांढरे खडे निघतात. अंगावरील बाजूची रेषा शेंपटीच्या परांतून थेट टोंकापर्यंत जाते. आणि पोटांतील हवेची पिशवी, जिला किनाऱ्यावर भोत म्हणतात, ती जाड व मोठी असते. या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे पाण्यांत घुमल्यासारखा आवाज काढतात. भोताचा व्यापार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या मालांत वाळविलेलीं भोतें व मुशीचे पर हे दोन्ही जिन्नस असत. व्यापाराच्या कागदांत माशाचें नांव नसून नुसतें भोत असें असलें तरी त्यावरून या कुलाचा अंदाज बांधतां येतो. रावसाच्या कुलास तर मोजणीच पुरते. छातीच्या पराखालीं सुटे धागे असतात, ते रावसास चार व दाढ्यास पांच.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. सोमेश्वरास समुद्राचे मासे कोठून कळले? मुशीच्या वर्गास पश्चिम किनाऱ्याच्या मराठी भागांत मुशी व मोरी हे शब्द आहेत. कोंकणचे शिलाहार व गोव्याचे कदंब हे चालुक्यांच्या मांडलिकांत मोडत, तेव्हां तेथील शब्द कल्याणीस पोंचण्यास अडचण नव्हती. तरी ग्रंथांत आला तो सोर. दरबाराची भाषा कन्नड असल्यानें द्राविड शब्द येणें स्वाभाविक, असें उत्तर देतां येईल, व तें आम्ही टाकून देत नाहीं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट जमेस धरली पाहिजे. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य यानें आपल्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ. स. १११८ च्या सुमारास, वेंगीचा प्रदेश आपल्या सत्तेखालीं आणला. वेंगी म्हणजे गोदावरी व कृष्णा यांच्या मुखांमधला मुलूख, जेथें मुशीस आजही सोर्र म्हणतात. ग्रंथरचनेच्या आधीं अवघीं दहाबारा वर्षें कल्याणीचे अधिकारी त्या किनाऱ्यावर वावरत होते. शब्द त्या वाटेनें आला असणें आम्हांस अधिक संभवनीय दिसतें. एका शब्दावर याहून जास्त भार घालणें बरें नव्हे.

ही वाट नकाशावरही पाहावी. कोंकण जवळचें म्हणून मराठवाड्यानें समुद्र म्हटला कीं पश्चिमेकडे पाहण्याची आपणांस संवय आहे. पण नरसीच्या कयाधूचें पाणी पैनगंगेंत, पैनगंगेचें वर्धेंत, तेथून प्राणहितेच्या द्वारें गोदावरींत व शेवटीं वेंगीच्या किनाऱ्यावर पूर्वसमुद्रास मिळतें. नामदेवांच्या गांवचें पाणी ज्या समुद्रांत जातें, तेथल्या मुशीचें नांव सोर्र आहे, मुशी नव्हे. देशावरच्या ग्रंथांतील समुद्राचा मासा पाहतांना कोंकणी कोशाबरोबर तेलुगू कोशही उघडावा, असें आम्ही म्हणतों तें याच कारणानें.

कोशांविषयीं बोलावयाचें तर मोल्सवर्थच्या मराठी कोशानें (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) माशांचीं पुष्कळ नांवें जतन केलीं, हे उपकार मोठे. परंतु अनेक ठिकाणीं अर्थ म्हणून एक जातीचा मासा एवढेंच लिहून तो पुढें जातो. पुढील कोशकारांनीं तीच वाट धरली. त्या काळीं प्रत्येक नांवाचा मासा बंदरावर जाऊन पाहतां येत होता. कागदपत्र छापणाऱ्यांनींही माशाच्या नांवापुढें अशीच टीप देऊन सुटका करून घेतली आहे. वास्तविक कागदांत नांवाजवळ जाळ्याचा, ऋतूचा किंवा जकातीच्या दराचा उल्लेख असेल तर तो वर्तनाचा पुरावा असतो. डोल हा एक शब्द असला तरी मासा भरतीओहोटीच्या ओढींत सांपडणारा आहे हें कळतें, व बोंबील, मांदेली यांच्याकडे शोध वळवितां येतो. असे शब्द गाळून केवळ मासळीबाब असें मोघम छापूं नये.

याची निकड दाखविणारा एक मासा सांगतों. करवत मासा हा पाखटांच्या नात्यांतला. मुस्कटापुढें लांब पातें व त्याच्या दोन्ही कडांस दांत, यावरून त्यास कोणीही ओळखील. पूर्वीं तो आमच्या खाड्यांतून येत असे. आतां इतका दुर्मिळ झाला आहे कीं २००१ सालीं त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घालावें लागलें. त्याचें शरीर पाहून केलेलें वर्णन यापुढें मिळणें कठीण आहे, मात्र जुनीं वाळलेलीं करवतें जेथें जपून ठेविलेलीं आढळतील तेथें तीं हातीं घेऊन पाहावीं. पात्याच्या मुळाकडचा भाग बिनदांतांचा असेल तर मासा एका गणाचा, दांत मुळापर्यंत पोंचत असतील तर दुसऱ्या गणाचा. दांत दोन्ही कडांचे निरनिराळे मोजावे, पडलेल्या दांतांच्या खांचाही मोजाव्या, आणि करवत कोणत्या खाडींतलें म्हणून सांगतात तें त्यासोबत लिहून घ्यावें.